काळ्या मातीची सख्खी बेटं



आजचा विषय बेटांचा आहे, आणि आपण बसलोय समुद्रापासून चारशे किलोमीटरहून लांब, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला. विषय कळल्यावर एका गृहस्थांनी मला विचारलं, “बेटांचं आम्हाला काय करायचं? पावसाचं बोला, उसाचं बोला.” मी म्हटलं, बसा, तेच बोलणार आहे.

आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर, आणि त्याच्याही पूर्वेला हिंदी महासागरात मास्करीन बेटं. रेयुनियाँ, मॉरिशस आणि रॉड्रिग्ज ही त्यातली मुख्य. मॉरिशसचं क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच. ताडकळस विषुववृत्ताच्या उत्तरेला 19 अंशांवर, मॉरिशस दक्षिणेला 20 अंशांवर. आपल्याकडे मे महिन्यात जीव नकोसा होतो, तेव्हा तिकडे हिवाळा लागत असतो.

आता मातीचं. तुमच्या शिवारातली काळी माती ज्या काळ्या दगडाची झीज होऊन तयार झाली, तो दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून हा लाव्हा थरावर थर बाहेर आला आणि दख्खनचं पठार झालं. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, की हा लाव्हा ओकणारी पोटातली भट्टी जागच्या जागीच राहिली आणि भारताची जमीन तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेली. सरकताना मागे समुद्रात डोंगरांची रांग उरली: आधी लक्षद्वीप, मग मालदीव, मग चागोस. त्यांच्या बुडलेल्या माथ्यांवर प्रवाळ चढलं, म्हणून मालदीव आज पाण्यापासून सरासरी जेमतेम दीड मीटर वर आहे. त्याच भट्टीतून मॉरिशस वर आलं 80-90 लाख वर्षांपूर्वी. आणि ती भट्टी आज आहे रेयुनियाँच्या खाली. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जगातल्या सर्वाधिक जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. तुमच्या विहिरीतून निघणारा दगड आणि तिथला कालपरवाचा लाव्हा एकाच पोटचे.

पावसाचंही तसंच. आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात या मास्करीन बेटांच्या दक्षिणेकडे हवेचा दाब वाढतो. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन केरळात उतरतात. म्हणून मोसमाचा अंदाज बांधणारे शास्त्रज्ञ त्या दाबावर डोळा ठेवून असतात. तिकडची गंमत बघा: जानेवारी 1966 मध्ये एका चक्रीवादळात रेयुनियाँच्या फोक-फोक या ठिकाणी चोवीस तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस पडला. परभणीला एवढा पडायला जवळपास दोन वर्षं लागतात. निसर्गाला वाटपाची अक्कल नाही, एवढंच म्हणतो.

आणि आता ऊस. इथे मी जरा थांबणार आहे.

मॉरिशसवर मूळचे रहिवासी असे नव्हतेच. डच 1598 मध्ये उतरले, डोडो पक्षी संपवून 1710 मध्ये निघून गेले. मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका-मादागास्करहून गुलाम आणले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. 1 फेब्रुवारी 1835 ला तिथली गुलामी कायद्याने संपली. भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना छदाम नाही. पण उसाला हात तर हवेच होते. म्हणून 2 नोव्हेंबर 1834 पासूनच ‘ॲटलास’ जहाजाने गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले हिंदी मजूर, यायला सुरुवात झाली होती. पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, आणि थोडी मुंबई बंदरातून. ही मुंबईची म्हणजे मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची आपली माणसं. त्या धक्क्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. 2006 मध्ये तो जागतिक वारसा झाला. वर चढायच्या दगडी पायऱ्या आजही आहेत.

करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर शिधा आणि कपडा. आणि एक कलम असं, की एक दिवस कामावर नाही आलात तर दोन दिवसांची मजुरी कापायची. त्याला ‘डबल कट’ म्हणत. समोर मान हलवणारे दिसतायत मला. उचल, मुकादम आणि खाडा हे शब्द ज्यांच्या घरात रोज बोलले जातात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

तिथल्या शेतांत आजही उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग रचलेले दिसतात. जमीन उसाला मोकळी करायची म्हणून मजुरांनी ते गोटे हातांनी वेचून, एकावर एक बसवून ठेवलेत. बाहेरची बाजू नीट सांधलेली, आपल्याकडची ताल असते तशी. कितीतरी ढिगांवर आता झाडं उगवलीत, ऊस त्यांना वळसा घालून लावतात. पर्यटकांच्या फोटोंत हे ढीग येत नाहीत. माझ्या मते मॉरिशसमध्ये पाहण्यासारखं तेच पहिलं.

1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने नऊ हजारांहून अधिक मजुरांचा अर्ज गव्हर्नराकडे दिला. इतर मळेवाल्यांनी त्याला भर रस्त्यात मारहाण केली. पण लंडनहून चौकशी आयोग आला आणि कायदे थोडे सैल झाले.

आपली माणसं तिथे रुजली. वडिलांचं किंवा आजोबांचं नाव आडनाव होऊन बसलं. हेन्रिएटा गावात 1896 मध्ये भिवाजी घराण्याने गणपती बसवला. आज गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात. घरात बोलतात क्रिओल, आरती मराठीत. शाळेत मराठी शिकता येतं, आणि मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत पुढचंही. देश 12 मार्च 1968 ला स्वतंत्र झाला. त्यापूर्वी, 1965 मध्येच, इंग्रजांनी मॉरिशसपासून चागोस तोडून घेतलं आणि पुढे तिथल्या लोकांना हुसकून त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला तळ दिला. हे बेकायदा असल्याचं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2019 मध्ये दिलं. बेटावरच्या माणसांना विचारायची पद्धत जगात फारशी नाही.

एक गोष्ट मात्र इंग्रजांच्या हातून, त्यांच्या सोयीसाठी का होईना, झाली. उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवली: नाव, बापाचं नाव, वय, गाव, आणि 1860 च्या दशकापासून फोटोसुद्धा. हेतू चांगला नव्हता; पळालेला मजूर ओळखता यावा हाच. पण बायकांचीही नोंद वेगळी, स्वतःच्या नावाने. ती दप्तरं महात्मा गांधी संस्थेत आहेत, आणि पणतू तिथे जाऊन आपल्या पणजीचा चेहरा पाहतात.

आणि आपल्याकडे? परभणी-बीडच्या गावांतून दसऱ्यानंतर गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. सरकारने 2019 मध्ये गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळ काढलं, ग्रामसेवकामार्फत नोंदणी आणि ओळखपत्राची सोय केली. ती सोय वापरा. इथून जाणाऱ्या प्रत्येक घराने गाडीत बसण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन नाव लिहून घ्यावं. आणि बाईचं नाव वेगळ्या ओळीत लिहायला लावावं.