एक जूनची मुले

स्वागत नाही, आभार नाहीत, 'रसिकहो' सुद्धा नाही. अध्यक्षबाईंनी माइकवर उच्चारलेला पहिला शब्द होता 'घुसखोर'. टेक्ससमधल्या त्या मराठी साहित्य मेळाव्यात पुरणपोळीच्या जेवणानंतरची सुस्ती होती, ती तेवढ्या एका शब्दाने उतरली. हा शब्द आपल्याच स्मरणिकेत, आपल्याच माणसाने, चार वर्षांच्या पोराला लावला आहे, असे बाई म्हणाल्या. अध्यक्षपद एका वर्षाचे आणि माइक पाऊण तासाचा, तेव्हा आधी याचाच हिशेब होईल, असे बजावून त्यांनी चष्मा लावला.

प्रकरण जुने आहे आणि समोर बसलेल्या बहुतेकांना ते पाठ होते. २०१२ च्या उन्हाळ्यात बाईंनी स्मरणिकेसाठी आठ पानांचा लेख दिला होता. विषय होता लहानपणी आईबापांच्या बोटाला धरून, कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आलेली मुले. 'विषय आपला नाही' एवढाच शेरा लिहून तो परत आला, आणि त्या वर्षी जो लेख छापला गेला त्यात याच मुलांना घुसखोर म्हटले होते. ही सल बाईंच्या मनातून गेलेली नाही. एका अंकाचा दोष त्यांनी परदेशातल्या सगळ्या मराठी लेखनाच्या माथी मारला. पहिल्या बर्फावर कथा आहेत, तळघरातल्या गणपतीवर आहेत, फोनवरच्या आईवर तर ढीगभर आहेत. आपल्या मुलाच्या शेजारच्या बाकावरचा पोरगा एके दिवशी शाळेतून नाहीसा होतो, त्यावर एक पान नाही, असा त्यांचा आरोप. आरोप प्रमाणाबाहेर होता. तरी तो ऐकताना अनेकांच्या माना खाली गेल्या, आणि त्यात प्रस्तुत लेखकाचीही होती.

बाईंनी तीस वर्षे इथल्या सरकारी शाळेत गणित शिकवले. त्यांच्या वर्गात मेक्सिकोतून तिसऱ्या वर्षी आलेला एक मुलगा होता, कॅल्क्युलसमध्ये पहिला. बारावीत कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरताना तो एका रकान्याशी अडला. सोशल सिक्युरिटी नंबर, नऊ चौकोन. घरी जाऊन आईला विचारतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा अर्जाची चौपदरी घडी त्याच्या शर्टाच्या खिशात होती, आणि त्याने एवढेच विचारले की हे चौकोन रिकामे ठेवले तर चालतील का. आपण या देशाचे नाही, हे त्याला सतराव्या वर्षी, स्वयंपाकघरात, आईच्या रडण्यातून कळले होते. बाई म्हणाल्या, त्या पोराने सीमा ओलांडली नव्हती. तो गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेला होता.

याच टेक्ससने १९७५ मध्ये कायदा केला की अशा मुलांच्या शिक्षणासाठी राज्य पैसे देणार नाही. टायलर गावच्या शाळांनी १९७७ मध्ये वर्षाला एक हजार डॉलर फी लावली. चार कुटुंबे कोर्टात गेली. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी पहाटे सहाला ठेवली, आणि आईबाप गाड्यांत घरचे सामान भरून आले होते, कारण कोर्टातूनच थेट हद्दपार करतील अशी त्यांना धास्ती होती. १५ जून १९८२ ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने कौल दिला. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलाला देता येणार नाही, हे न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालाचे सूत्र. विरोधात मत देणाऱ्या सरन्यायाधीश बर्गर यांनीसुद्धा लिहिले की धोरण ठरवणे आपल्या हाती असते तर मुलांना शाळेबाहेर ठेवणे आपल्यालाही मूर्खपणाचेच वाटले असते. तेव्हापासून हजेरीपटावर या मुलांची नावे आहेत. बारावीनंतरचा दरवाजा मात्र त्या निकालाने उघडला नाही.

उघडायचे प्रयत्न झाले. डेमोक्रॅट डिक डर्बिन आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच यांनी २००१ मध्ये या मुलांना कायदेशीर रहिवासाचा रस्ता देऊ पाहणारा ड्रीम ॲक्ट मांडला. डिसेंबर २०१० मध्ये तो कनिष्ठ सभागृहात मंजूर झाला आणि सिनेटमध्ये ५५ मते मिळूनही साठाच्या अटीपायी पडला. मग १५ जून २०१२ ला ओबामांनी 'डाका' नावाची सवलत जाहीर केली. सोळा वर्षांच्या आत आलेल्या आणि १५ जून २००७ पासून सलग राहत असलेल्या मुलांना दोन वर्षे हद्दपार करणार नाही, कामाचा परवाना देऊ, दर दोन वर्षांनी नूतनीकरण करा. नागरिकत्वाचा रस्ता त्यात नव्हताच. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये ती रद्द करायला घेतली, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने एका मताने वाचवली, आणि जुलै २०२१ पासून ह्यूस्टनच्या संघीय न्यायाधीशाच्या आदेशाने नवे अर्ज मंजूर होणे थांबले आहे. आज सुमारे पाच लाख लोक या दोन-दोन वर्षांच्या चिठ्ठीवर जगतात. त्यांच्यात शिक्षक आहेत, नर्स आहेत, पस्तिशी-चाळिशीचे आईबाप आहेत. आज बारावीत बसलेल्या मुलाने तर २००७ चा पुरावा आणायचा कुठून? तो तेव्हा पाळण्यात होता किंवा जन्मलाही नव्हता.

बाईंचा आवाज चढला तो पुढच्या मुद्द्यावर. कॉलेजच्या फीमध्ये या मुलांना राज्यातल्या रहिवाशांचा दर देणारे पहिले राज्य टेक्सस होते. २००१ चा कायदा, सही रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांची. ४ जून २०२५ ला केंद्र सरकारने त्याविरुद्ध दावा लावला, राज्याच्या वकिलांनी लढाच दिला नाही, आणि चोवीस वर्षांचा कायदा त्याच दिवशी संपला. त्याहून जास्त वेळ आपली कार्यकारिणी नाटकाचा प्रयोग ठरवायला घेते, असे त्या म्हणाल्या, आणि कोणी हसले नाही.

यानंतर नाव न घेता त्यांनी 'रांगवाल्यां'ना गाठले. निवडणुकीच्या वेळी 'आपण रांगेतून आलो, त्यांनीही यावे' असा मजकूर मोबाइलवर फिरला होता. कोणी फिरवला हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होते. तिसऱ्या रांगेतली दोन डोकी खाली झाली. बाईंनी विचारले, कुठली रांग? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्टाने हिंदी माणूस गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असे ठरवले आणि ज्यांना नागरिकत्व मिळाले होते त्यांतल्या अनेकांचेही सरकारने काढून घेतले, तेव्हा आपली रांग कुठे होती? १९४६ मध्ये वर्षाला शंभर हिंदी लोकांची मुभा मिळाली. खरा दरवाजा उघडला १९६५ च्या कायद्याने. म्हणजे आपण शिस्तीचे होतो म्हणून आत आलो नाही. कोणीतरी कायदा बदलला म्हणून आलो. आणि या मुलांनी परत जाऊन रीतसर यावे म्हणणाऱ्यांनी १९९६ चा कायदा उघडून पाहावा. अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभराहून जास्त काळ कागदाविना राहून जो बाहेर पडतो, त्याला दहा वर्षे परत येता येत नाही.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांचे चित्र दरवर्षी आपल्या मंडपात लागते. हा क्रांतिकारक आपल्या देशात परतू शकत नव्हता तेव्हा मेक्सिकोने त्याला ठेवून घेतले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक केले. त्या देशाच्या लेकरांना आपण घुसखोर म्हणतो. बाई इथे थांबल्या आणि पाणी प्यायल्या.

ग्रंथालय चालवणाऱ्या मंडळींना मात्र त्यांनी एका शब्दाने दुखावले नाही. २०१२ मध्ये गप्प तीही होती. पण तीच मंडळी गेली काही वर्षे शनिवारी या मुलांचे अर्ज भरायला बसतात. बाईंनी सांभाळून घेतले ते त्यासाठी असावे.

मग घरचे दुखणे. एच-वन व्हिसावर आलेल्यांची मुले कायद्याने आली, कायद्याने वाढली. एकवीस वर्षे पूर्ण झाली की ती आईबापांच्या व्हिसावरून गळतात. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार, त्यात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची प्रतीक्षा पोरे मोठी होऊन जातील एवढी लांब. 'डाका'त त्यांना जागा नाही, कारण १५ जून २०१२ ला ती बेकायदा नव्हती. मंडळातल्या किमान चार घरांत हे चालू आहे, बाई म्हणाल्या. मुलगी तिसरीपासून इथे, स्वप्नही इंग्रजीत पडते, आणि आता विद्यार्थी व्हिसा घे नाही तर पुण्याला जा. आपली पोरे 'बिचारी' आणि शेजाऱ्याची 'घुसखोर', हा भेद कुठल्या शब्दकोशात आहे?

मुंबईतून लहानपणी दत्तक आलेल्या एका मुलीची गोष्टही त्यांनी सांगितली. दत्तक आईबापांनी नागरिकत्वाचे कागद केलेच नाहीत. २००१ मध्ये दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा लागू झाला, पण त्या दिवशी ज्यांची अठरा वर्षे पूर्ण झाली होती त्यांना वगळून. पुढे तिच्या हातून गुन्हा घडला, तिने शिक्षाही भोगली, आणि २००८ मध्ये तिला मुंबईत आणून सोडले. तिथली भाषा येत नाही, ओळखीचे कोणी नाही, स्वतःची दोन मुले अमेरिकेत.

आणि मग भाषण अचानक सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत गेले. बाईंचे आईवडील ऊसतोडीला जायचे. बाईंचा जन्म कुठल्या फडावर झाला हे आईला सांगता यायचे, कधी हे सांगता येत नव्हते. शाळेत घालायला आजी घेऊन गेली. गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगितला. बोटे टेकली. गुरुजींनी दौतीत टाक बुडवला आणि दाखलखारिज रजिस्टरात लिहिले, १ जून. त्या वर्गातल्या एकोणीस मुलांचा वाढदिवस एक जून होता. गावाबाहेर पालात राहणाऱ्या कैकाड्यांची एक पोरगी पुढच्या आठवड्यात आली, तिचाही एक जून. तिच्या बापाला गावातले लोक चोर म्हणायचे. गुरुजींनी गाव कुठले, कागद कुठे, असे विचारले नाही. त्या एका तारखेवर बाईंचा दाखला झाला, दाखल्यावर पासपोर्ट, पासपोर्टवर व्हिसा. पुढे कैकाडी समाजातल्या लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा' या आत्मकथनाला साहित्य अकादमी मिळाली तेव्हा बाईंना आठवली ती पालातली पोरगी आणि गुरुजींच्या बोटावरचा शाईचा डाग.

ही आठवण सांगताना त्या वेळेचे भान विसरल्या, आणि सूत्रसंचालकाने दिलेली चिठ्ठी त्यांनी न वाचता उलटी ठेवली. कारण त्यांना जे मागायचे होते तेही एका तारखेबद्दलच होते. अमेरिकेच्या कायद्यात १९२९ पासून 'रजिस्ट्री' नावाचे कलम आहे. ठरावीक तारखेच्या आधीपासून इथे राहणारा, चांगल्या वर्तणुकीचा माणूस कायम रहिवासी होण्यासाठी अर्ज करू शकतो. ती तारीख काँग्रेसने वेळोवेळी पुढे सरकवली. शेवटची सरकवली १९८६ मध्ये, रेगन यांच्या सहीने, आणि तिथेच ठेवली: १ जानेवारी १९७२. नवा कायदा रचायची गरज नाही, खोडून एक नवी तारीख लिहायची आहे.

तसा ठराव बाईंनी वाचला. आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला मंडळाच्या नावाने पत्र, आणि त्यात आपल्या एकवीस वर्षांच्या मुलांबरोबर शेजारच्या मुलांचाही उल्लेख. तिसऱ्या रांगेतून 'हे साहित्याचे व्यासपीठ आहे' असा आवाज आला. अनुमोदनाला ग्रंथालयवाली मंडळी उभी राहिली, मग मागच्या रांगांतली तरुण पोरे, मग बरेच जण. सगळे नाही.

माइक सोडण्यापूर्वी बाईंनी पर्समधून आठ कागद काढले आणि यंदाच्या स्मरणिकेच्या संपादकांच्या हातात दिले. २०१२ चाच लेख होता. पहिल्या पानावरचा शेरा तसाच होता, आणि समासात लाल शाईने नवे आकडे भरलेले होते.