गावाचे रान आणि यशाचे माप



गावाने जंगल स्वतः सांभाळावयास घेतले, तर ते काम साधले की फसले, हे कोणी आणि कशावरून ठरवावे? हा प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

सरकारजवळ याचे एक माप तयार आहे. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून वनाच्छादन मोजते. एक हेक्टर वा अधिक जागेवर झाडांच्या माथ्यांचे आच्छादन शेकडा दहाहून अधिक भरले, की ती जागा वनात जमा होते. मग झाडे कोणती आणि जमीन कोणाची, हे पाहिले जात नाही. या हिशेबात आमराईही वनात बसू शकते. देशाचा अंदाज घेण्यास हे माप उपयोगी आहे; मी त्याची थट्टा करीत नाही. परंतु ज्यांचे पोट रानावर आहे, त्यांचे माप निराळे असते, आणि ते त्यांच्या निर्णयांवरून कळते.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंडांचे लहानसे गाव आहे. मेंढा-लेखा या नावाने ते आपणांस परिचित आहे. वनहक्क कायदा 2006 साली झाला आणि 2009 साली या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. सरकारदरबारी काम फत्ते झाले! पण गावाने तसे मानले नाही. कारण तोडलेला बांबू बाहेर न्यावयाचा, तर वाहतूक परवाना वनखात्याकडूनच घ्यावा लागे. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते. 1927 च्या जुन्या कायद्यात मात्र तो झाडांत मोडत होता. बांबू गवत की झाड, हा वाद वरवर वनस्पतिशास्त्राचा. वास्तविक तो धनी कोण, याचा होता. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गावाचे पहिले माप हे : शेवटचा शब्द कोणाचा?

दुसरे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे. तेंदूपाने म्हणजे उन्हाळ्यातील रोख पैसा. पण पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आणि कोवळी पाने यावीत म्हणून रानाला आगही लावली जाते. हक्क मिळाल्यावर पाचगावने पाने तोडणेच थांबविले. बांबूचे उत्पन्न हाती होते, म्हणून हे शक्य झाले, हेही सांगितले पाहिजे. तरीही समोरचा पैसा नाकारण्याचे बळ कोठून आले? उद्याचे रान आपलेच आहे, या भरवशातून. ज्याला उद्याची खात्री नाही, तो आजच सारे ओरबाडतो. मग तो ठेकेदार असो वा गावकरी. भरवसा हे गावाचे दुसरे माप.

कोणी म्हणेल, गाव म्हणजे काय सारे एकदिलाचे असते? रास्त शंका आहे. नवे कोंब वाढावेत म्हणून रानाचा एखादा भाग बंद केला, तर त्याचा भार प्रथम पडतो तो सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईवर आणि भूमिहीनावर. बहुमताने घेतलेला निर्णयही त्यांच्यावर जुलूम ठरू शकतो. मेंढ्याने म्हणूनच सर्वसहमतीचा मार्ग धरला : एकाचाही विरोध असला, तर चर्चा पुन्हा करावयाची. हा मार्ग वेळखाऊ आहे. परंतु जो नियम सर्वांनी केला, तो राखावयास रखवालदार कमी लागतात. तेव्हा तिसरे माप हे, की सर्वांत दुबळ्या घराला विचारले गेले काय, आणि विक्रीचा हिशेब त्या घरालाही समजतो काय?

श्रोतेहो, आपण शहरातील माणसे वर्तमानपत्रात वाचतो, की अमुक लाख रोपे लावली. यापुढे असे वाचाल, तेव्हा एवढेच विचारा : ती जगविण्याचा हक्क कोणाला दिला? झाडे मोजणे सोपे आहे. पण गावाला ‘हे तोडू नका’ असे म्हणता येते, आणि ते ऐकले जाते, तेथेच ते रान गावाचे झाले असे समजावे.