कातकऱ्यांचे कागद कोणत्या दप्तरात?

(महाड येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागील पावसाळ्याच्या अखेरीस पोलादपूरच्या डोंगराकडील एका कातकरी वाडीतील वृद्ध बाई माझ्या कचेरीत आल्या. त्यांचा वनहक्काचा दावा "पुरावा नाही" एवढ्या दोन शब्दांत निकालात निघाला होता. मी विचारले, "आजी, घरात काही जुना कागद आहे काय?" त्या म्हणाल्या, "कागद नाय, वकीलसायब. दंडाची एक पावती हाय, पण ती दाखवाया लाज वाटते." पत्र्याच्या डबीतून निघालेली ती पावती वनखात्याची होती. जंगलाच्या जागेत लागवड केली म्हणून त्यांच्या पतीस झालेल्या दंडाची ती पावती, आणि तारीख २००५ च्या बरीच आधीची. ज्या कागदाची त्यांना लाज वाटत होती, तोच त्यांचा सर्वांत बळकट पुरावा होता. अमुक जागी अमुक मनुष्य त्या दिवशी शेत कसत होता, हे खुद्द वनखात्यानेच आपल्या शिक्क्यानिशी लिहून दिले होते!

आदिवासींचे मूळ कागद कोठे व कसे शोधावेत, हा आजचा विषय मी त्या पावतीपासून सुरू करतो.

कागदाचे मोल महाडकरांस सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर चाललेला दिवाणी दावा मात्र थोड्यांनीच वाचला आहे. अनादि काळापासून तळे आमचेच, अस्पृश्यांस तेथे मज्जाव ही पुरातन वहिवाट, असे वादींचे म्हणणे होते. हा दावा महाड, ठाणे व मुंबई अशा तीन कोर्टांतून नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने अशी पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही असा निर्णय दिला. तेथे पुराव्याचा बोजा बलवानांच्या शिरावर होता आणि तो त्यांना पेलला नाही. आज तो बोजा ज्यांच्या हाती लेखणी कधीच नव्हती त्यांच्या शिरावर आला आहे. हा फरक ध्यानात न घेता "कागद आणा" म्हणणारा अधिकारी कायदा जाणतो असे मी मानीत नाही.

मुंबईचे सरकारी पुराभिलेखागार १८२१ सालचे आहे. तेथे मी प्रथम गेलो तेव्हा सूचीत 'कातकरी' हा शब्द शोधीत बसलो. सबंध दिवस गेला, हाती काही लागले नाही. चूक माझीच होती. सरकारी दप्तर जातवार लाविलेले नसते. ते खाते, साल व खंड या क्रमाने लाविलेले असते. सरकारला कातकऱ्याची आठवण माणूस म्हणून क्वचितच झाली. खैर तोडून काथ केला म्हणून ती जंगलखात्यास झाली, मोहाची दारू गाळली म्हणून अबकारी खात्यास झाली. तेव्हा ज्या खात्याने त्यांस गांजले, त्याच खात्याच्या रुमालात त्यांचा शोध घ्यावा.

नावांचा घोळही सोडवावा लागतो. अनुसूचित जमातींच्या यादीतच काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, सोन काथोडी अशी रूपे आहेत. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात पोलादपूर हा स्वतंत्र तालुका नाही, ते महाडात शोधावे लागते. पनवेल-कर्जतकडील वर्णन १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात आहे, कारण ते तालुके तेव्हा ठाण्यात होते.

ही गॅझेटियरे वाचताना मनाचा संताप होतो. कातकऱ्यांविषयी लिहिताना साहेबाची दृष्टी तुच्छतेची आहे, आणि अस्पृश्यांविषयीची याहून निराळी नाही. पण मते सोडून द्यावीत व वस्तुस्थिती टिपावी. हे लोक तेव्हा येथे होते आणि काथावरून त्यांस नाव पडले, एवढे त्याने लिहून ठेविले. एवढेच आपणांस हवे आहे.

याहून मोलाचा कागद म्हणजे १८८७ चा मुंबई जंगल कमिशनचा अहवाल. ठाणे-कुलाब्यातील रयतेच्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी त्यात आहे. दुसरा, स्टार्ट कमिटीचा १९३० चा अहवाल. अस्पृश्य व आदिवासी या दोहोंची स्थिती तपासणाऱ्या त्या कमिटीत स्वतः बाबासाहेब सभासद होते. आदिवासींचा प्रश्न आपला नव्हे असे म्हणणाऱ्या आपल्यातील काहींनी तो अवश्य वाचावा. शिवाय कुलाब्यात जंगलातील दळीच्या जमिनी ठाकूर-कातकऱ्यांस लागवडीस दिलेल्या होत्या. त्यांचा माग सातबारावर न लागल्यास वनखात्याच्या नोंदींत काढावा.

हे सर्व कशासाठी? २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तेराव्या नियमात गॅझेटियर, जनगणना, पाहणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या नोंदी, सरकारी समित्यांचे अहवाल व कोर्टांचे निवाडे हे सारे पुरावे म्हणून सांगितले आहेत. दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे लेखी टिपलेले कथनही त्यातच आहे. जुन्या विहिरी व दफनभूमीही त्यात आल्या. कातकऱ्यास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. परंतु डोंगरमाथ्यावरील गवळी धनगर अनुसूचित जमातीत नाहीत. त्यांस त्या तारखेपूर्वीच्या पंचाहत्तर वर्षांचा, म्हणजे १९३० पासूनचा, वनातील निवास दाखवावा लागतो. त्यांच्यासाठी जुने दप्तर हाच आधार.

शोधाची सुरुवात मात्र मुंबईस करू नका. प्रथम वाडीत बसा. म्हाताऱ्यांकडून पाणवठ्यांची, टेपांची, पडक्या वाड्यांची नावे लिहून घ्या. ती नावे हाती असल्याशिवाय नकाशा बोलत नाही. मग बाराव्या नियमाखाली ग्रामसभेने किंवा वनहक्क समितीने लेखी मागणी करावी. तशी मागणी आल्यावर कागदांची प्रमाणित नकल देणे संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. तोंडी विचारणाऱ्यास "जुने रेकॉर्ड सापडत नाही" हे उत्तर मिळते. लेखी अर्जास तेच उत्तर सहीनिशी द्यावे लागते, आणि तशी सही करण्यास पुष्कळजण कचरतात.

त्या आजींच्या पावतीसह फेरविचाराचा अर्ज गेला आहे, निकाल अद्याप नाही. वाडीतील आणखी अकरा घरांत अशाच पावत्या निघाल्या. त्यांची तारीखवार यादी करण्यास मला येत्या रविवारी तीन स्वच्छ अक्षराचे तरुण हवे आहेत. पोलादपूरहून सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघावयाचे आहे. ज्यांना येणे शक्य आहे त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसांकडे नावे द्यावीत.