तेल दिसतं एकीकडे, गळतं दुसरीकडे

१ जूनला मासेमारी बंद झाली, ट्रॉलर वर ओढले, शाकारणी झाली. आता ३१ जुलैपर्यंत तांडेलांना उसंत आणि आम्हा मेस्त्रींना काम.

एका जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची गोष्ट सांगतो. तांडेल म्हणाला, "मेस्त्री, मागचं ऑइल सील गेलंय, गिअर उतरवा." म्हणजे गिअर काढा, फ्लायव्हील काढा, आणि तेही धड वाकायला जागा नाही तिथं! म्हटलं, आधी इंजिन धुऊ. डिझेल आणि ब्रशनं चिकटा काढला, कोरडं पुसलं आणि सांध्यांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. बंदरावरची पोरं हसली. सक्शनचा पाइप गोड्या पाण्याच्या पिंपात सोडला, कारण कोरडं चालवलं तर पंपातला रबरी इम्पेलर जळतो. इंजिन तापल्यावर पांढऱ्यावर काळी रेघ उमटली. ती निघाली पार वर, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून.

बोटीतलं इंजिन शाफ्टच्या उतारानं मागं कललेलं असतं. वर गळलेलं तेल ब्लॉकवरून मागं ओघळतं, फ्लायव्हीलखाली ठिबकतं आणि आळ सीलवर येतो. पॅकिंग बदललं, पण तेवढ्यावर भागलं नसतं. ब्रीदर काजळीनं बुजला होता. पिस्टनच्या कडेनं खाली उतरणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट नसली, की आत दाब साठतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. ब्रीदर तसाच ठेवून नवी सीलं घालणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि कव्हरचे बोल्ट जोर लावून आवळू नका, पत्रा वाकतो.

गंजाचंही तेच, मूळ वर शोधायचं. बऱ्याच इंजिनांत खाऱ्या पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असतं. एका बाजूला पाण्याचं सील, दुसऱ्या बाजूला तेलाचं, मध्ये हे भोक. त्यातून पडणाऱ्या खाऱ्या थेंबानं खालचं लोखंड गंजू लागलं की काही शहाणे ते भोकच बुजवतात! मग खारं पाणी तेलात शिरतं आणि डिपस्टिकवर दुधाळ चहा दिसतो. थेंब पडतोय तेव्हाच सील बदला.

ऑइल चेंबरचा पत्रा खालच्या खाऱ्या ओलीनं सडतो. खपल्या काढून हलक्या हातोडीनं वाजवून बघा. आरपार गेली तर गेली, खोल दर्यात भोक पडण्यापेक्षा बरं. रेड ऑक्साइड मारायचा तो त्यानंतर.

कूलरमधला जस्ताचा तुकडा अर्धा झिजला की तांडेल हळहळतो. अहो, तो झिजला म्हणून कूलर शाबूत! १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या बुडावरचे तांब्याचे पत्रे असेच वाचवले, जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून. गंमत अशी, की झिजणारं तांबंच शंखशिंपल्यांना दूर ठेवत होतं. झीज थांबली आणि ते बुडाला येऊन चिकटले. आपण कूलरमधला तुकडा वेळेवर बदलावा, आणि बुडाला पंख्याजवळ लावलेल्या जस्ताला रंग फासू नये. गेल्या वर्षी एकानं हौसेनं सगळं बूड रंगवलं, जस्तासकट. जस्त जसंच्या तसं राहिलं, पंखा मात्र खाल्ला गेला.