घराचा ताळेबंद



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पाढे पाठ केले, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संचालक मंडळाचा आभारी आहे. मी विद्वान नव्हे. डिचोली आणि पेडणे तालुक्यांत बँकेची नोकरी करून निवृत्त झालेला एक सामान्य माणूस आहे. म्हणून विषयही माझ्या आवाक्यातलाच निवडला आहे. आपल्या घराची निव्वळ मालमत्ता किती, हे कसे ओळखावे आणि कसे मोजावे, याविषयी मी बोलणार आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपले गणिताचे गुरुजी वजाबाकी शिकवताना एक गोष्ट कटाक्षाने सांगत. "हातचा घेतलात की ज्याच्याकडून घेतला त्या अंकावर काट मारा. काट मारायला विसरलात तर उत्तर मोठे दिसेल, पण खोटे असेल." त्या वेळी हे केवळ पाटीवरच्या गणितापुरते वाटे. पुढे तीस-बत्तीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासताना मला पदोपदी त्याची आठवण होत असे.

निव्वळ मालमत्तेची व्याख्या सोपी आहे. जे जे आपले आहे त्याची आजची किंमत एका बाजूला मांडावी, जे जे आपण देणे लागतो ते दुसऱ्या बाजूला मांडावे, आणि पहिल्यातून दुसरे वजा करावे. उरेल ती निव्वळ मालमत्ता. व्यापारी दरवर्षी ताळेबंद करतो तो याच रीतीने. घरात मात्र आपण तो करीत नाही. महिन्याची मिळकत आपल्याला तोंडपाठ असते. पण मिळकत ही पाटातून वाहणाऱ्या पाण्यासारखी असते. तळीत किती साठले, हा प्रश्न निराळा.

मोजायला बसल्यावर प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत. नाव कोणाचे? त्यात माझा वाटा किती? आणि तिच्यावर बोजा किती?

पहिला प्रश्न आपल्या भागात फार नाजूक आहे. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून पाहिल्याशिवाय 'आमचे भाट' असे म्हणू नये. त्यात कुळाचे नाव असेल, तर १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळाला दिलेले हक्क मालकाने आपल्या हिशेबातून वगळले पाहिजेत. उलट, १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहते घर व त्याभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क ज्याला मिळाला आहे, त्याने तो हक्क बजावून कागद हाती घेतल्याशिवाय पूर्ण किंमत धरू नये. याच डिचोली तालुक्यातील मये गावाचे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. तेथील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर नांदली, ती मुक्तीनंतर निर्वासित मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात गेली. त्या गुंत्यातून वाट काढण्यासाठी स्वतंत्र कायदा व्हायला २०१४ साल उजाडले. घर होते, अंगण होते, तुळस होती. कागद तेवढा नव्हता.

दुसरा प्रश्न वाट्याचा. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या रीतीनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते आणि दोघांचा वाटा निम्मा-निम्मा असतो. वारसाहक्कासंबंधी २०१२ चा आपल्या राज्याचा कायदा २०१६ पासून लागू झाला, त्यातही हे तत्त्व कायम आहे. समजा, वडिलांच्या पश्चात ८० लाखांचे कुळागर आहे, मृत्युपत्र नाही, आई हयात आहे आणि आपण दोन भाऊ व दोन बहिणी आहोत. आधी आईचे ४० लाख बाजूला काढायचे. उरलेल्या ४० लाखांचे चार समान भाग. बहिणींचा भाग भावांइतकाच. म्हणजे आपल्या घरात आले ते १० लाख, आणि त्यातही पत्नीचा निम्मा हिस्सा. गावात मात्र आपण 'ऐंशी लाखांच्या कुळागराचे मालक' म्हणून मिरवत असतो.

तिसरा प्रश्न बोज्याचा. जुन्या मंडळींना अल्ट्रामारिनो बँकेतले सोने आठवत असेल. गोव्यातील अनेकांनी त्या पोर्तुगीज बँकेत दागिने गहाण ठेवले होते. १९६१ साली मुक्तीच्या तोंडावर ते सोने लिस्बनला नेण्यात आले आणि १९९१ साली भारतात परत आले. तीस वर्षे ते दागिने आपल्या माणसांचे होतेही आणि नव्हतेही. तेव्हापासून गहाण सोन्याची किंमत लिहिताना त्याच्यापुढे कर्जाचा आकडा लिहिण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली.

आता एक हिशेब मांडतो. घर काल्पनिक, पण आकडे आपल्या ओळखीचे आहेत. पतिपत्नी दोघे मिळून: राहते घर ४० लाख, कुळागरातला वाटा १० लाख, सोने ८ लाख, बँक व पोस्टातील ठेवी ५ लाख, भविष्य निर्वाह निधी ७ लाख आणि गाडी ३ लाख. गाडी घेतली सहा लाखांना, पण आज विकली तर तीनच येतील. म्हणून तीनच लिहायचे. बेरीज ७३ लाख. देणी: गृहकर्ज १८ लाख, सोनेतारण ३ लाख, सोसायटीचे कर्ज २ लाख, हातउसने १ लाख. एकूण २४ लाख. निव्वळ मालमत्ता ४९ लाख.

येथे थांबू नये. उद्या दवाखान्यासाठी पैसे लागले तर यातले काय उपयोगी पडेल? घर विकता येत नाही, कुळागर सर्वांच्या संमतीशिवाय हलत नाही, निधी निवृत्तीसाठी राखलेला आहे, गाडी रोजच्या कामाची आहे. ठेवी आणि सोने मिळून १३ लाख. त्यातून तारण, सोसायटी आणि हातउसने यांचे ६ लाख गेले की ७ लाख उरतात. एकोणपन्नास लाखांच्या घराचा खरा श्वास सात लाखांचा आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. ही चूक सांगण्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले.

खाणी जोरात होत्या तेव्हा माझ्या चुलतभावाने खनिज वाहण्यासाठी ट्रक घेतला. घरी येऊन म्हणाला, "दादा, जामीन म्हणून तुझी सही हवी." मी सही केली. पुढे मी स्वतः घरदुरुस्तीचे कर्ज काढले. त्या अर्जात मालमत्ता आणि देणी यांचे विवरण असते. 'इतरांसाठी दिलेली जामीनकी' या रकान्यात मी लिहिले, 'निरंक'. हप्ते तो वेळेवर भरत होता, त्यामुळे आपण असत्य लिहीत आहोत असे मला वाटलेही नाही. दुसऱ्यांचे असेच अर्ज मी रोज तपासत होतो!

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. डिचोलीच्या रस्त्यांवरची धूळ बसली आणि ट्रक दारात उभे राहिले. २०१४ च्या निकालाने वाट मोकळी झाली, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने परवान्यांचे नूतनीकरण रद्द होऊन पुन्हा सारे थांबले. डिचोलीच्या खाणपट्ट्यात काम सुरू झाले ते २०२४ साली. ज्या ट्रकला भाडे नाही त्याची किंमत लोखंडाच्या वजनाइतकी. कर्जाचे व्याज मात्र चालूच राहते. अखेर नोटीस माझ्या दारी आली. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीतून तीन लाख चाळीस हजार रुपये मी भरले.

त्या रात्री पत्नीने मला एकच प्रश्न विचारला. "त्या ठेवीत निम्मे माझे होते ना? मग सही तुम्ही एकट्याने कशी केली?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. चुलतभावाला मी दोष देत नाही. तो माझ्याहून अधिक होरपळला. दोष माझ्या 'निरंक'चा होता. हातचा दिला होता आणि काट मारायला मी विसरलो होतो.

पेडण्याच्या मंडळींना एक विनंती करतो. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाला आणि आसपासच्या जमिनींना भाव आले. शेजाऱ्याच्या जमिनीला मिळालेला भाव आपल्या कागदावर लिहून त्याच्या जोरावर कर्ज काढू नका. आणि जमीन विकलीच, तर त्या दिवशी मालमत्ता वाढलेली नसते, जमिनीचे रूपांतर रोकड्यात झालेले असते, एवढे ध्यानात ठेवा. त्या रोकड्याची गाडी घेतली की दुसऱ्या दिवसापासून ती घटू लागते.

शेवटी करावयाचे काम थोडके आहे. दरवर्षी ३१ मार्चला वहीचे एक पान घ्यावे. पतिपत्नींनी एकत्र बसावे. उतारे, पासबुके, विम्याचे कागद, कर्जाची खाती समोर ठेवावीत. किमती हात आखडून लिहाव्यात, देणी हात मोकळा सोडून. जामीनकीसाठी तळाला वेगळी ओळ ठेवावी आणि ती कधीही कोरी सोडू नये. नसेल तर दोघांनी विचारपूर्वक 'निरंक' लिहून सही करावी. मागच्या वर्षीचे पान शेजारी ठेवले की घर पुढे जात आहे की मागे, हे कोणालाही विचारावे लागत नाही.

आमच्या घरात गेली अकरा वर्षे हे पान लिहिले जाते. पहिल्या वर्षीचा आकडा पाहून मी खजील झालो होतो. पण तो खरा होता, आणि त्या रात्री मला शांत झोप लागली.