दारू सोडल्यावर मन कसें सांभाळावें

(आमच्या गावीं चावडीपुढें झालेल्या सभेंतील भाषण)



सन १८८० सालीं जोतीराव फुल्यांनीं पुणें म्युनिसिपालिटीस पत्र लिहून शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल तक्रार केली. दुकानाविरुद्ध तेव्हांपासून पुष्कळ बोलणें झालें. आज आम्हांस बोलावयाचें आहे, तें दुकान सोडून घरीं परतलेल्या माणसाबद्दल.

प्रथम एक इशारा. रोज फार पिणाऱ्यानें एकाएकीं बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात कांपतात, झटके येतात, भास होतात. प्रसंगीं जीवही जातो. ही भूतबाधा नव्हे. भगताकडे न नेतां सरकारी दवाखान्यांत न्यावें.

हें टळलें म्हणजे सर्व झालें काय? नाहीं. पुढें कित्येक आठवडे झोप नीट लागत नाहीं, राग अनावर होतो, उगाच रडूं येतें. वर्षानुवर्षें दारूच्या गुंगीशीं झगडून मेंदू ताणलेला असतो. गुंगी जाते, ताण मागें राहतो. तो हळूहळू उतरतो. शिवाय दारूंत बुडविलेली शरम आणि दुःख हीं मेलेलीं नसतात; तीं आतां वर येतात.

आमच्या गावच्या एका सुतारबंधूनें दारू सोडली. विसाव्या दिवशीं तो मजुरी मागावयास गेला, तों गिऱ्हाईक म्हणालें, "प्यायला पाहिजेत काय?" तो तडक गुत्त्याच्या वाटेस लागला. वाटेंत शाळेच्या ओट्यावर टेकला. आम्हीं पाणी दिलें, भाकरी दिली. तो शिव्या देत बोलला, मग रडला, आणि घरीं गेला. मास्तरास उपदेशाची खोड फार. त्या दिवशीं आम्हीं तोंड बंद ठेविलें, हेंच बरें झालें.

दारूची लहर चढते, तशी बहुधा अर्ध्या तासांत ओसरते. तेवढा वेळ काढावा. पोट रिकामें ठेवूं नये, एकटें बसूं नये, राग गिळूं नये, बोलून टाकावा. गळ्यांत माळ घातली, चांगलेंच केलें. पण ऐकून घ्यावयास माणूसच लागतो. सन १९३५ सालीं अमेरिकेंत ॲक्रन शहरीं एक दलाल व एक डॉक्टर, दोघेही दारूनें गांजलेले, एकमेकांशीं बोलूनच सांवरले. पुण्यास १९८६ सालीं निघालेल्या मुक्तांगण केंद्रांतही अशा बोलण्यास मोठें स्थान आहे.

भगिनींनो, तुमचा संशय खोटा नाहीं. मार तुम्हीं खाल्ला, भांडीं तुमचीं गहाण पडलीं. लगेच विश्वास टाका, असें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. इतकेंच मागतों, कीं तिन्हीसांजेस टोमणा मारूं नका; मागला हिशेब सकाळीं विचारा. आणि बंधूंनो, मन बिघडलें म्हणून घरांत हात उगारण्याची मुभा कोणास नाहीं. पाय घसरला तर लपूं नका, पुन्हां या.

दर शनिवारीं सायंकाळीं आम्ही शाळेच्या ओट्यावर बसतों. ज्यास बोलावयाचें असेल त्यानें यावें. उपदेश होणार नाहीं.