लँकेशायरचे कापड, मुंबईच्या गिरण्या

खुला व्यापार म्हणजे सरकारने बाजारात हात न घालणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात मात्र खुल्या व्यापाराच्या नावाखाली सरकारचाच हात चालला.

1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणी उभारली. गिरण्या वाढल्या तशी आपल्या कापडावरची आयात जकात उठवा म्हणून इंग्लंडमधील कापडउद्योगाचे केंद्र असलेल्या लँकेशायरने ओरड सुरू केली. 1879 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडाची जकात काढली. 1882 पर्यंत जवळजवळ सगळ्याच मालाची गेली. पुढे तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा 1894 मध्ये 5 टक्के जकात परत आली. पण सोबत देशी गिरण्यांच्या 20 नंबरावरील सुतावर तेवढाच उत्पादनकर बसला.

हा नंबर समजून घेतला पाहिजे. एका पौंड सुतात 840 यार्डांच्या जितक्या लडी, तितका नंबर. 20 नंबरचे एक पौंड सूत उलगडले तर 16,800 यार्ड भरते. नंबर मोठा तसे सूत बारीक. मुंबईचे सूत मुख्यतः जाडे, लँकेशायरचे बारीक. म्हणजे दोघांची गाठ फारशी पडतच नव्हती. तरीही 1896 मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरण्यांच्या सरसकट सगळ्या कापडावर साडेतीन टक्के असा नियम झाला. हातमाग सुटला, मांजरपाट सुटला नाही. पुन्हा सांगायचे तर, ज्या कापडाशी विलायतेची स्पर्धा नव्हती, जे गरीब शेतकरी अंगावर घालत होता, त्यावरही कर बसला. हा उघड अन्याय होता.

न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मध्येच पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सांगितले होते, की इंग्लंडचे अर्थशास्त्रीय सिद्धांत सर्व देशांना, सर्व काळी लागू पडत नाहीत. उद्योग रुजेपर्यंत सरकारने आधार द्यावा. रेल्वे कंपन्यांना 5 टक्के व्याजाची हमी देणाऱ्या सरकारला हे जड नव्हते. रानड्यांचे नाव घेताना समाजसुधारणेपाशीच थांबायची सवय महाराष्ट्राने सोडावी. त्यांचे अर्थशास्त्रावरील निबंध वाचावेत.

उत्पादनकर डिसेंबर 1925 मध्ये थांबला. त्याआधी इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1922 मध्ये निवडक उद्योगांना आयात जकातीने संरक्षण देण्याची शिफारस केली होती. उद्योगाला देशात नैसर्गिक अनुकूलता हवी, मदतीवाचून तो वाढण्यासारखा नसावा, आणि पुढे त्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशा अटी होत्या. 1924 मध्ये पोलादाला हे संरक्षण मिळाले.